गप्प बसणाऱ्याची रात्रपाळी

साताऱ्याच्या एका कापड दुकानात मी 31 वर्षे दिवाणजी होतो. जमाखर्चाच्या वह्यांखेरीज आणखी एक काम माझ्याकडे आपसूक आले होते. दिवाळीच्या आठवड्यात कोणी किती वाजेपर्यंत थांबायचे, याचा तक्ता मी करीत असे. मालक म्हणत, "दिवाणजी, ते तुमचं तुम्ही बघा." मग मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर दहा नावे लिहून बसे.

वाचकहो, हे काम वाटते तितके सोपे नाही. एकाची बायको बाळंतपणाला आलेली असे, दुसऱ्याला पाटण खोऱ्यातल्या गावी जायचे असे, तिसरा तोंडाचा असा फटकळ की, त्याला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी थांबवले तर कार्तिकी उलटेपर्यंत त्याची कुरकुर ऐकावी लागे. पण आमच्यात एक विक्रेता असा होता की, त्याला काहीही सांगा, तो "बरं" म्हणे. म्हणून अकरा वर्षे ओळीने लक्ष्मीपूजनाला शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचे काम त्याच्याच वाट्याला आले. त्यात माझे काही चुकते आहे, असे मला कधी वाटले नाही. उलट तक्ता कसा बिनतक्रार होतो, याचा मला थोडा अभिमानच होता.

हे सगळे पुन्हा आठवायला निमित्त झाले ते माझ्या भाचीच्या खानावळीचे. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या रस्त्यावर तिची खानावळ आहे. मिरज हे दवाखान्यांचे गाव. कोकणातून आणि कर्नाटकातूनही रोगी तिथे येतात, आणि रोग्याबरोबर आलेल्या माणसाला भूक वेळी-अवेळी लागते. त्यामुळे खानावळ सकाळी 6 ला उघडते आणि रात्री 11 ला मिटते. कामाला माणसे 14. त्यांत वस्ताद आहे, आचारी आहेत, भाकऱ्या थापणाऱ्या बाया आहेत, वाढपी आहेत आणि भांडी घासणारी एक मावशी आहे. पाळ्या दोन, सकाळची आणि दुपारनंतरची. प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी.

गेल्या श्रावणात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, आता ड्युट्या मी लावत नाही. कॉम्प्युटर लावतो."

मी म्हटले, "त्याला कोणाची बायको बाळंतपणाला आली आहे ते कळतं का?"

"सांगितलं तर कळतं," ती म्हणाली.

हे उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेले. पण सगळी गोष्ट त्या तीन शब्दांत होती.

आता हे यंत्र करते तरी काय, ते मला जसे उमगले तसे सांगतो. एका माणसाला एका दिवशी तीनच गोष्टी संभवतात. सकाळची पाळी, दुपारची पाळी किंवा सुट्टी. माणसे 14. म्हणजे एका दिवसाचे तक्ते होतात 47 लाख 82 हजार 969. सात दिवसांचे मिळून किती, ते लिहायला 47 आकडे लागतात! यांतले बहुतेक निरुपयोगी. कुठे चुलीपाशी आचारी नाही, तर कुठे सगळेच सुट्टीवर. या ढिगातून चालेल असा तक्ता निवडून काढणे हा गणितातला एक नामांकित अवघड प्रश्न आहे. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पाळ्या लावताना तो हमखास येतो, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

भाचीने आधी एक सोपा मार्ग करून पाहिला. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि प्रश्नाला बोलल्यासारखे उत्तर देणारी अशी यंत्रे घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. तिने त्यांतल्या एकाला मराठीतून सगळे सांगितले. त्याने क्षणात सुबक तक्ता काढून दिला, वर नम्रपणे शुभेच्छाही दिल्या. मात्र गुरुवारी वस्ताद दोन्ही पाळ्यांत होता आणि शुक्रवारी भांडी घासायला कोणीच नव्हते! ही यंत्रे शब्दापुढे शब्द जुळवण्यात पटाईत असतात. पण चौदा माणसांच्या अटी एकाच वेळी सांभाळून हिशेब जुळवताना त्यांचा पाय घसरू शकतो, आणि चुकलेला तक्तासुद्धा ती बरोबर असल्याच्या थाटात पुढे करतात.

मग इंजिनीअरिंगला असलेल्या तिच्या मुलाने दुसऱ्या जातीचा प्रोग्राम बसवला. त्याला अटी द्याव्या लागतात. काही कधीही न मोडायच्या, उदाहरणार्थ प्रत्येक पाळीत दोन आचारी हवेतच. काही शक्यतो पाळायच्या. एकही पक्की अट न मोडता जास्तीत जास्त इतर अटी पाळणारा तक्ता तो शोधतो. गर्दी केव्हा असते, हे त्याने जुन्या बिलांवरून शिकावे असे ठरले. त्यातही गंमत झाली. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी मानतात, तिथे पाणी 57 फुटांवर चढले होते. खानावळीत पाणी शिरले नाही, पण वाटा तुटल्या आणि चूल बंद राहिली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. यंत्राने ती कोरी बिले पाहिली आणि पावसाळ्यात सांगलीकरांना भूक लागत नाही, असा निष्कर्ष काढला! मुलाने ते दिवस वगळले तेव्हा कुठे त्याचा अंदाज ताळ्यावर आला.

ही चूक हसण्यासारखी होती, म्हणून सर्वांना दिसली. दुसरी कोणालाच दिसली नाही.

त्या रात्री मला झोप येईना. शनिवार होता. साडेअकराच्या सुमारास मी पाणी प्यायला खानावळीच्या मागल्या बाजूला गेलो, तर कोठीत पिठाच्या पोत्यांशेजारी मावशी अंथरूण घालत होत्या. मी विचारले, "मावशी, घरी नाही गेलात?"

"शेवटची एसटी गेली की नऊला," त्या म्हणाल्या. "आता सकाळी सहाला पुन्हा इथंच यायचं, मग जाऊन तरी काय करू?"

त्यांचे गाव तासगावच्या बाजूला. शनिवारी दुपारची पाळी आणि रविवारी सकाळची, असे गेली दोन वर्षे चालले होते. भाचीला पत्ता नव्हता, कारण ती साडेदहाला गल्ला मोजून घरी जाते. सकाळी मी तिला सांगितले तेव्हा ती चमकली. "पण मामा, तक्ता तर कॉम्प्युटरने केलाय!"

मुलाने प्रोग्राम उघडून पाहिला आणि उलगडा झाला. कोणाला कोणती पाळी मानवते, हे त्याने यंत्राला मागच्या दोन वर्षांच्या हजेरीपुस्तकावरून शिकवले होते. मावशी दर शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी हजर. एकही खाडा नाही, एकही तक्रार नाही. यंत्राने अर्थ लावला की, यांना हेच आवडते. जी गैरसोय पूर्वी नुसत्या सवयीने चालली होती, तिच्यावर आता गणिताचा शिक्का बसला!

मला त्या क्षणी साताऱ्याचा "बरं" म्हणणारा विक्रेता आठवला. यंत्राने माझ्याहून वेगळे काय केले होते? जो बोलत नाही त्याला चालते, असे मीही धरून चाललो होतोच की.

हा प्रकार एकट्या सांगलीचा नाही. अमेरिकेत स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांत पाळ्या संगणकाने लावल्या जात. तिथल्या एका कामगार आईची ओढाताण न्यूयॉर्क टाइम्सने 2014 च्या ऑगस्टात छापली. रात्री दुकान मिटायचे आणि पहाटे त्याच माणसाने ते उघडायचे, या प्रकाराला तिकडे "क्लोपनिंग" असा शब्दच पडला आहे. बोभाटा झाल्यावर हा प्रकार थांबवू, असे कंपनीने जाहीर केले. न्यूयॉर्क शहराने 2017 साली कायदा करून फास्ट फूडच्या कामगारांना त्यांच्या पाळ्या 14 दिवस आधी कळवणे बंधनकारक केले. मालकाचे यात नुकसानच होते, असेही नाही. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या काही दुकानांत पाळ्या स्थिर ठेवून पाहिल्या, तेव्हा विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढल्याचे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

आपल्याकडे तर सुट्टीचा हक्कच मागून मिळालेला आहे. जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढा दिला, म्हणून 10 जून 1890 पासून त्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने 10 किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना दिवसाचे 9 तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी लावून दिली. रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचे तर तिची संमती हवी, असेही त्यात आहे. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने 9 चे 10 तास करायला आणि 10 कामगारांची मर्यादा 20 वर न्यायला मंजुरी दिली. चौदा माणसांची खानावळ त्या मर्यादेच्या आत राहते. म्हणजे अशा ठिकाणी मावशींना कायद्याचा आधार कमी आणि मालकाच्या विचारपुशीचा जास्त!

भाचीने मग एक केले. तक्ता करण्याआधी प्रत्येकाला एकेकटे बोलावून विचारले, "तुला काय अडतं?" चारचौघांत विचारले असते, तर फटकळ तेवढे बोलले असते. मला वाटत होते, मावशी रविवारची सुट्टी मागतील. पण त्या म्हणाल्या, "रविवार राहू द्या, रविवारी भांडी जास्त निघतात. मला फक्त साडेआठला सोडा. एसटी मिळाली की झालं."

एवढेच! पण यंत्राला हे सुचण्यासारखे नव्हते, कारण त्याला आम्ही दोनच पाळ्या सांगितल्या होत्या. मुलाने तिसरी घातली, दुपारी 12 ते रात्री 8.30. रात्री मिटणाऱ्याने दुसऱ्या सकाळी उघडायचे नाही, ही पक्की अट घातली. साडेआठनंतरच्या भांड्यांसाठी दोन वाढप्यांना आळीपाळीने थोडा जादा वेळ दिला, जादा मजुरीसह. यंत्राने नवा तक्ता काही सेकंदांत काढला. आता तो आठ दिवस आधी भिंतीवर लागतो, आणि न पटणाऱ्या घरापाशी पेन्सिलीने फुली मारायची सर्वांना मुभा आहे. पहिल्या आठवड्यात एकही फुली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात चार आल्या. भाची जरा खट्टू झाली. मी म्हटले, "अगं, आता कुठे तक्ता वाचायला लागलेत."

यंत्राला मी नावे ठेवणार नाही. त्याने वशिला काढून टाकला. वस्तादाचा मेहुणा म्हणून कोणाला सोपी पाळी मिळत नाही, आणि भाचीचे दर आठवड्याचे तीन तास वाचतात. त्या वाचलेल्या तीन तासांतला अर्धा तास माणसांना विचारण्यात घालवला, तर हा सौदा फायद्याचाच आहे.

साताऱ्याला परतल्यावर मी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन त्या जुन्या विक्रेत्याकडे गेलो. आता तो सत्तरीला आला आहे. मी म्हटले, "अकरा लक्ष्मीपूजनं मी तुम्हाला दुकानात थांबवलं. तुम्ही एकदा तरी बोलायचं होतंत."

तो थोडा वेळ पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, "दिवाणजी, पोरं लहान होती तेव्हा बोलावंसं वाटायचं. घरी पोचेतो ती झोपलेली असायची." आणि नेहमीच्याच स्वरात त्याने विचारले, "चहा घेणार ना?"

मी म्हटले, "बरं."