घरावर सोलर, शेजारी अणुभट्टी, तरी लाइट गेली!

डहाणू लोकलमध्ये ऐकत असाल तर विरारनंतर बसायला जागा मिळाली असेल, निवांत ऐका. आजची गोष्ट आमच्या बोईसरच्या घरची आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

गेल्या वर्षी पप्पांनी छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. आयुष्यभर एमआयडीसीत शिफ्ट केलेला माणूस, पैसे काढताना दहा वेळा विचार करणार. मला विचारलं, "लाइट गेली तर हे चालेल ना रे?" मी बीटेक, सॉफ्टवेअरवाला. काही न वाचताच ठोकून दिलं, "चालणारच की, सूर्य कुठे जातोय?"

जूनमध्ये वादळी पावसात तार तुटली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, वर पॅनल, आणि घरात पंखा बंद. पप्पा काही बोलले नाहीत. आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

झालं काय? आमचं सोलर ऑन-ग्रिड आहे. त्याचा इन्व्हर्टर ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या तालावर चालतो. ग्रिड गेली की तो मुद्दाम स्वतःला बंद करतो. नाहीतर आपल्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाईल, आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. लाइट गेल्यावरही सोलर हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा. हे मी आधी सांगायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र असताना बोईसरला अंधार कसा? तर तिथली वीज उच्च दाबाच्या लाइनने थेट ग्रिडमध्ये जाते, आणि तिथून वाटली जाते. आपल्या गल्लीतला खांब पडला तर केंद्र शेजारी असो की हजार किलोमीटरवर, काहीच फरक पडत नाही.

हे भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र. पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. त्यात अणुभट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटचे दोन मोठे संच आले. ते जड पाण्यावर चालतात, आणि त्यात वाफ वेगळ्या पाण्याची बनते. पण दोन्हीकडे जाळायला काही नाही. युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, आणि धूर होत नाही.

आता बोईसरहून दोन स्टेशनं पुढे चला. वाणगाव, मग डहाणू रोड. डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, कोळशावरचं. म्हणजे वीज बनवायच्या दोन्ही पद्धती आपल्याच जिल्ह्यात!

हिशोब करू. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात मधला अंदाज असा आहे: बांधकामापासून इंधनापर्यंत सगळं धरून, एका युनिट विजेमागे कोळसा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, छतावरचं सोलर ४१, अणुवीज १२. ५४० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की ५ लाख ४० हजार युनिट होतात. कोळशावर तेवढ्यासाठी साधारण ४४० टन कार्बन डायऑक्साइड, अणूवर साडेसहा टन. हा फरक एका तासाचा!

मग सगळीकडे अणुभट्ट्याच बांधायच्या? थांबा. नव्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, पुनर्वसनाचा वाद कोर्टात गेला. वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागतं. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश वीज होते, उरलेली बहुतेक उष्णता थंड करायला घेतलेल्या समुद्राच्या पाण्याबरोबर परत समुद्रात जाते. "स्वच्छ वीज" म्हणताना ही किंमत कोणी दिली, तेही म्हणायला हवं.

सोलरने कोणाचं गाव उठत नाही, छत आपलंच असतं. पण संध्याकाळी सातला, सगळ्या घरांत टीव्ही आणि मिक्सर सुरू असताना, सोलर शून्य. अणुभट्टी रात्रंदिवस चालते. म्हणून भांडण सोलर विरुद्ध अणू असं नाहीच. दोघं मिळून कोळसा किती कमी करतात, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या छताचं बघा. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. तीन किलोवॉटचे बारा, वर्षाला जवळपास ४,३८० युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला तीन टन वाचतो.

तुम्ही बसवणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. ऑन-ग्रिड की हायब्रिड, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि घरच्यांना खरं सांगा: हे बिल आणि धूर कमी करायला आहे, लाइट जाऊ नये म्हणून नाही.

मी पप्पांना हे सगळं उशिरा सांगितलं. ते म्हणाले, "मग आधीच बोलायचं ना, तरी बसवलं असतं." आता रोज रात्री जेवणानंतर ॲप उघडून विचारतात, "आज किती युनिट झाले रे?"

तुमच्या घरी कोणी विचारलं, तर आधी वाचा आणि मग उत्तर द्या. भेटूया पुढच्या भागात!