मोलगीखालची बेटं

नंदुरबार जिल्ह्यात बेटं आहेत म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग भूगोलाचा तास घेतो. समुद्र केवढा लांब, जिल्हा सातपुड्यातला, बेटं कुठून आणलीत? हा प्रश्न बरोबरच आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वी तिथे बेटं नव्हतीच. होते ते नर्मदेकाठचे डोंगर आणि त्यांच्या उतारांवरचे पाडे. सरदार सरोवराचं पाणी दऱ्यांमध्ये शिरलं, उतार बुडाले आणि काही डोंगरांचे माथे पाण्याबाहेर राहिले. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली, त्यातली नऊ अक्कलकुवा तालुक्यात आणि २४ अक्राणीत म्हणजे धडगाव तालुक्यात आहेत. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल, मुखडी ही त्यातली अक्कलकुव्याकडची नावं. यांतल्या बऱ्याच पाड्यांवर जायचं तर आजही होडी लागते.

बेटं उष्णकटिबंधातली आहेत हे मात्र नकाशावर तपासून पाहा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि हा भाग त्याच्या दक्षिणेला साधारण पावणेबावीस अंशांवर येतो. फक्त इथे नारळ नाहीत. साग, मोह आणि आंबे आहेत.

“मोलगीला उतरलं की समोर बॅकवॉटर”

नाही. मोलगी हे बाजाराचं गाव आहे, बंदर नव्हे. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर आलं की ते लागतं. भगरीसाठी त्याचं नाव आहे आणि जवळच्या काठीच्या राजवाडी होळीला जाणारे इथूनच पुढे जातात. पाणी तिथून आणखी खाली, डोंगर उतरल्यावर दिसतं. त्यामुळे प्रवासाचा हिशेब करताना लोक होडीचं भाडं धरतात आणि जीप विसरतात, तिथेच त्यांचं गणित चुकतं. अक्कलकुव्यापर्यंत एसटी, तिथून मोलगी, मोलगीहून जीप किंवा मोटरसायकलने काठाच्या गावापर्यंत, पुढे पायवाट आणि मग होडी. यात पाण्यावरचा वेळ बहुतेकदा सगळ्यात कमी असतो.

“पावसाळ्यात होड्या बंद असतात”

हा गैरसमज कोकणातून आलेला आहे आणि तिथे तो खराच आहे. जंजिरा, सिंधुदुर्ग किंवा गेटवे ते मांडवा या वाहतुकीला मेअखेर ते ऑगस्टअखेर सुट्टी असते, कारण समुद्र खवळतो. नर्मदेच्या फुगवट्याचं सगळं उलटं आहे. इथे बेटं तयार होतात तीच पावसाळ्यात.

धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. ठरवलेली किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे दोन्हींत २८ मीटरचा फरक, नऊ-दहा मजली इमारतीएवढा. धरणाचे दरवाजे जून २०१७मध्ये बंद झाले आणि पातळी पहिल्यांदा पूर्ण भरली ती सप्टेंबर २०१९मध्ये. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी वर चढतं तेव्हा डोंगराची सोंड तुटून बेट होते. मग कालवे आणि वीजघरांसाठी पाणी सोडत सोडत हिवाळा जातो, उन्हाळा येतो, आणि तेच बेट पुन्हा जमिनीला चिकटतं. जानेवारीत होडीने गाठलेल्या पाड्यावर मे महिन्यात चालत जाता येईल असं होऊ शकतं. पण ‘चालत’ या शब्दावर फार भरवसा ठेवू नये. पाणी हटल्यावर मागे राहतो तो गाळ. वरून तडकलेला, आतून ओला. माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, गुरं अडकतात. होडी किनाऱ्याला लागत नाही आणि पाय जमिनीला लागत नाहीत, असे हे उन्हाळ्यातले आठवडे. काठावर राहणाऱ्यांना विचाराल तर हाच काळ त्यांना जास्त नकोसा वाटतो.

म्हणूनच होडीची जागा कायमची नाही. गेल्या खेपेला जिथे उतरलात तो खडक या खेपेला दोन माणसं खोल पाण्यात असेल किंवा टेकडीवर उघडा पडलेला असेल. कुणी लिहून दिलेला ‘अमुक ठिकाणचा धक्का’ दुसऱ्या महिन्यात कामाचा राहत नाही.

“सरकारी बोट आहे, मग खर्च कसला?”

सरकारी बार्ज आहेत, बोट ॲम्ब्युलन्स आहे, तरंगत्या दवाखान्याची सोयही या खोऱ्यात झाली. निवडणुकीत मतदान यंत्रं आणि कर्मचारी बोटीनेच जातात. अक्कलकुवा हा विधानसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ आहे, तेव्हा राज्याच्या यादीतली अगदी सुरुवातीची मतदान केंद्रं याच पाण्यापलीकडे येतात. पण ही सगळी कामाची वाहनं. ती दवाखान्याच्या किंवा पुनर्वसनाच्या कामाने फिरतात, एसटीसारखी फलक लावून नव्हे.

रोजचा प्रवास खिशाप्रमाणे ठरतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो डोंगर चढून-उतरून वळसा घालतो किंवा स्वतःच्या लहान होडीला वल्हं मारतो. त्याच्या वरची पायरी बाजाराच्या दिवसाची. मोटर लावलेल्या होडीत माणसामागे पैसे देऊन बसायचं, सोबत धान्याची पिशवी, कोंबड्या, क्वचित शेळी. ही होडी बहुधा मासेमारीची असते आणि भरल्याशिवाय सुटत नाही. सगळ्यात महाग म्हणजे पूर्ण होडी ठरवणं. यात अंतरापेक्षा डिझेल आणि परतीची रिकामी फेरी यांचे पैसे असतात. म्हणून दोघांनी ठरवली काय आणि आठ जणांनी ठरवली काय, रक्कम फारशी हलत नाही. आठ जण व्हा, हा मी देईन तो एकमेव काटकसरीचा सल्ला. भाव काठावरच विचारा. पुण्याहून फोनवर ठरवलेला भाव पाण्याच्या पातळीबरोबर बदलतो आणि त्यात होडीवाल्याची लबाडी नसते.

वल्हं मारण्याची गोष्ट निघालीच आहे तर चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचं उदाहरण सांगायलाच हवं. २०२०मध्ये कोरोनाच्या भीतीने अलिगट आणि दादर या वस्त्यांवरच्या बाया अंगणवाडीत यायच्या थांबल्या. रेलूताईंनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि पोषण आहार व वजनाचं सामान घेऊन त्या स्वतः वल्हवत जाऊ लागल्या. एका दिवसाला सुमारे १८ किलोमीटर. वस्त्यांवरची नवजात बाळं, कुपोषित मुलं आणि गरोदर बाया त्यांनी तपासायच्या राहू दिल्या नाहीत. ‘कमी खर्चात बेटावर कसं जावं’ याचं हे खरंखुरं उत्तर आहे, फक्त ते दंडातून वसूल होतं.

“पाणी शांत आहे, जॅकेट कशाला”

लाटा नाहीत म्हणजे धोका नाही, हा सगळ्यात महागात पडलेला समज. बुडालेल्या जंगलाचे शेंडे पाण्याखाली वीतभरावर असू शकतात. दरीतून दुपारी वारा सुटला की लहान होडी आडवी फिरते. काठ जवळ दिसतो पण तो खडा असतो, पोहून गेलात तरी वर चढायला जागा नसते. जानेवारी २०१९मध्ये संक्रांतीच्या सणाला गेलेल्यांची बोट धडगाव तालुक्यात भुषा इथे उलटली आणि त्यात लहान मुलांसह अनेक जण दगावले. बोटीत जास्त माणसं भरली होती असं तेव्हा छापून आलं. हे फक्त आदिवासी पट्ट्यातलं नशीब म्हणून सोडून देऊ नये. १८ जानेवारी २०२४ला वडोद्याच्या हरणी तलावात, म्हणजे शहराच्या हद्दीत, सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी देशभर एका नियमाखाली आणली, हे खरं. पण होडी सुटताना तुमच्या अंगावर जॅकेट आहे की नाही, ते कायदा पाहायला येत नाही.

“हे महाराष्ट्राचं अंदमान आहे”

असं शीर्षक देऊन फोटो टाकणारे वाढले आहेत. तुलना करायचीच तर पूर्ण करू. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून अंदमानला प्रवासी जहाज जातं, तीनेक दिवस लागतात आणि बंकपासून केबिनपर्यंत प्रत्येक खिशाला दर असतो. बेटांमधल्या सरकारी बोटींवर बेटवासीयाला पर्यटकापेक्षा कमी तिकीट पडतं, कारण त्याच्यासाठी ती सहल नाही, रस्ता आहे. नर्मदेच्या फुगवट्यावर अजून तसा विचारच नाही. इथे आजारी माणसाला आधी बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवतात, मग होडीत घालतात, पलीकडे पुन्हा खांद्यावर घेतात. बांबूलन्स हा शब्द वर्तमानपत्रांनी काढला, तो विनोदाने वाचू नये.

तेव्हा जरूर जा. सप्टेंबर ते डिसेंबर हा पाण्याचा चांगला काळ, होळीला काठीला आलात तर पातळी खाली गेलेली असणार हे धरून चला. जॅकेट स्वतःचं न्या, पाड्यावर फोटो विचारून काढा, अंधार पडायच्या आत परत फिरा. पूर्ण होडी ठरवली असेल आणि दोन जागा रिकाम्या असतील, तर काठावर पिशव्या घेऊन बसलेल्यांना हाक मारा.