कोयत्याचं नाव कुठल्या वहीत?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातली गावं ऊसतोडणीसाठी रिकामी व्हायला लागतात. ट्रक-ट्रॅक्टर दाराशी लागतात. भांडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं वर चढतात. मागे म्हातारी माणसं उरतात. पाच-सहा महिन्यांनी साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की गेलेली माणसं परततात. उद्योगाची नीती आणि जबाबदारी या विषयावर प्राध्यापकांनी गेल्या पाऊणशे वर्षांत केलेल्या कामाचा मागोवा मला इथूनच घ्यावासा वाटतो. कारण नफा कमावताना कोणाकोणाचा विचार करायचा, हा त्या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि त्याची खरी परीक्षा उसाच्या फडात होते.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा कारखान्याच्या दारात नेला तो धनंजयराव गाडगीळांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते संचालक. बिझनेस स्कूल हा शब्दही तेव्हा इथे रुळला नव्हता. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या परिसरातले शेतकरी एकत्र केले आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचं पहिलं अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारलं. १९५०च्या सुमारास कारखान्याची चाकं फिरू लागली. एक विद्वान पुस्तकं बाजूला सारून उसाचा भाव, कर्जाचे हप्ते आणि सभासदांची गाऱ्हाणी यांत बसतो, ही गोष्ट आजही मला थक्क करते. सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून ऊस उत्पादक सुटला, मालक झाला, त्याच पैशातून शाळा-दवाखाने उभे राहिले. नैतिक उद्योगाचा इतका मोठा प्रयोग महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल.

पण मालक झाला तो ऊस लावणारा. ऊस तोडणारा सभासद नव्हता आणि कारखान्याच्या हजेरीपटावरचा कामगारही नव्हता. १९७२च्या दुष्काळानंतर बीडमधून तोडणीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तसतशी ही उणीव उघडी पडत गेली. कारखाना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती वाहनमालकाला किंवा मुकादमाला, आणि मुकादम देतो टोळीला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या कोयत्यावर, म्हणजे बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेबच नाही. एक दिवस खाडा झाला की दंड. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या गाडीत चढायचं.

तिकडे अमेरिकेत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली ठामपणे मांडलं, की नियमांत राहून नफा वाढवणं हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डार्डन बिझनेस स्कूलमध्ये अनेक वर्षं शिकवणारे एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात त्याला वेगळी वाट दाखवली. कंपनीच्या कामाचा ज्याच्यावर परिणाम होतो, तो प्रत्येक जण हितसंबंधी आहे. भागधारक हा त्यांतला फक्त एक. या व्याख्येत तोडणीची टोळी सरळ बसते. मधे मुकादम उभा आहे म्हणून तिला वगळता येत नाही. हार्वर्डचे जॉन रगी यांनी हे आणखी नेमकं केलं. त्यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये स्वीकारली. उद्योगाने आपल्या पुरवठ्याच्या साखळीतल्या माणसांच्या हक्कांकडेही पाहायचं, आणि इजा झाली तर ती भरून निघण्याची वाट खुली ठेवायची, असं ती सांगतात.

आपल्या २०१३च्या कंपनी कायद्याने यातलं सोपं तेवढं उचललं. मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. तो नफा कसा मिळाला, ते हे कलम विचारत नाही. शिवाय सहकारी कारखाने या कायद्याने कंपनी ठरत नाहीत, म्हणून ते या चौकटीबाहेरच.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर पाहणीचे आकडे आले: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात ना पाणी ना आडोसा, दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी पिशवी काढून मोकळं व्हायचं. हे आकडे मी कितीदा वाचले, तरी दर वेळी पुढे वाचवत नाही. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने महाराष्ट्रातल्या उसाच्या फडातलं कर्ज, बालविवाह आणि या शस्त्रक्रिया यांचा धागा कोका-कोला आणि पेप्सीला साखर पुरवणाऱ्या कारखान्यांपर्यंत नेऊन दाखवला. फ्रीमन-रगींनी कागदावर मांडलेली साखळी त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर गावांच्या नावांनिशी उभी राहिली.

मधल्या काळात काही हललं, हेही सांगायला हवं. खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ उभं राहिलं, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं सुरू झाली, म्हणजे आई-बाप फडात असताना पोराची शाळा तुटू नये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट संप, मोर्चे आणि बातम्या यांच्या रेट्याने मिळाली. कारखान्याच्या संचालक मंडळात कोणी आपणहून विषय काढला म्हणून मिळालेली गोष्ट मला शोधूनही सापडत नाही.

आता तोडणी कामगाराला ओळखपत्रही मिळतं. त्याच्या नोंदीचं काम सरकारने सोपवलं आहे ते गावच्या ग्रामसेवकाकडे. ज्या कारखान्यासाठी ती बाई पहाटे चारला फडात उतरते, त्याच्या वहीत आजही मुकादमाचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो आणि उसाचं वजन असतं.