शंभर किलोंचं कॅरिअर

‘बफेलो’ नावाच्या सायकलचं कॅरिअर १०० किलो वजन पेलतं. म्हणजे ५० किलोंची मक्याची दोन पोती. तिला हँडलवर ब्रेकच्या मुठी नाहीत; पॅडल उलटं दाबलं की मागच्या चाकातलाच ब्रेक लागतो. त्यामुळे तार तुटण्याचा प्रश्न नाही आणि चिखलाने माखलेल्या रिमवरून ब्रेकचं रबर घसरण्याचाही नाही. फ्रेम जाड पोलादी नळ्यांची, आरे नेहमीपेक्षा जाड, टायर काट्याकुट्यांना सहज दाद न देणारे. सायकलचं स्वतःचं वजन २० किलोंहून जास्त. शर्यतीच्या सायकली चालवणाऱ्याला ते अवजड वाटेल. पण झांबियाच्या दक्षिण प्रांतात, जिथे डांबरी सडक सोडली की वाळू, खड्डे आणि पावसाळ्यात ओढे एवढंच हाती उरतं, तिथे हे वजन म्हणजे टिकाऊपणा.

या सायकलीमागची कहाणी सुरू झाली डिसेंबर २००४च्या त्सुनामीपासून. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या ‘स्रॅम’ या अमेरिकी कंपनीचे एक संस्थापक एफ. के. डे आणि त्यांच्या पत्नी, छायाचित्रकार लीया मिसबाख डे, यांनी २००५मध्ये ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था काढली आणि श्रीलंकेतल्या त्सुनामीग्रस्तांना सुमारे २४,००० सायकली दिल्या. पुढच्याच वर्षी काम झांबियात पोहोचलं. एड्सने तेव्हा तिथली गावंच्या गावं पोखरली होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणारे हजारो स्वयंसेवक पायी फिरत होते. त्यांना सुमारे २३,००० सायकली मिळाल्या आणि एका दिवसात जास्त घरं गाठणं त्यांना शक्य झालं.

पण तिथल्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सायकली दिसायला सायकली होत्या, एवढंच. पॅडल निसटायचं, आरे तुटायचे, कॅरिअर वाकायचं. म्हणून संस्थेने तिथल्या रस्त्यांसाठी आणि तिथल्या ओझ्यांसाठी वेगळी सायकल घडवायला घेतली. तीच ही बफेलो.

२००९पासून या सायकली शाळकरी मुलांना मिळू लागल्या, आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के मुलींसाठी राखून ठेवल्या गेल्या. त्याला कारण होतं. पहाटे पाणी आणायचं, झाडलोट करायची, धाकट्यांचं आवरायचं आणि मग शाळेची वाट धरायची, हा क्रम मुलींच्या वाट्याला येतो. उशीर झाला की वर्गात बोलणी बसतात, वारंवार झाला की शाळेला जाणंच नकोसं होतं. वाटेवरची छेडछाड वेगळीच. शाळा फारच लांब असेल तर काही मुली शाळेजवळ खोली घेऊन स्वतःच रांधून राहतात. बारा-चौदा वर्षांच्या मुलीने घरापासून दूर, मोठ्या माणसाच्या नजरेआड राहण्यात काय धोके आहेत, हे कोणत्याही आईबापांना सांगावं लागत नाही. शाळा आणि घर यांतलं अंतर कमी करता येत नसेल, तर ते कापायचा वेळ तरी कमी करावा, इतका साधा हा विचार आहे.

तो खरा ठरतो का, हे तपासायची प्रेरणा आली भारतातून. बिहार सरकारने २००६मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. हा फरक मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा लांबच्या गावांत पडला होता. (आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामागचाही हेतू हाच.) प्रकाश यांनी मग नेथन फियाला आदी सहकाऱ्यांबरोबर हाच प्रश्न झांबियात नेला.

मोंझे, माझाबुका आणि कालोमो या जिल्ह्यांतल्या १०० शाळा त्यांनी निवडल्या. कोणत्या शाळांमध्ये सायकली द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे फरक दिसला तर तो सायकलीमुळेच, असं म्हणता यावं. पाचवी ते सातवीतल्या, शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या सुमारे २,५०० मुली या पाहणीत होत्या. वर्षभरानंतरचे आकडे बोलके आहेत. शाळेत पोहोचायला लागणारा वेळ ३५ टक्क्यांनी कमी झाला, उशिरा येणं ६६ टक्क्यांनी, तर गैरहजेरी एक चतुर्थांशाहून जास्त घटली. गणिताचे गुण थोडे सुधारले. 

मला यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष वेगळाच वाटतो. आपल्या आयुष्याचं काय व्हावं यात आपलं काही चालतं, असं सायकल मिळालेल्या मुलींना अधिक वाटू लागलं. आणि ज्या कुटुंबांनी देखभालीसाठी थोडी रक्कम भरली होती, त्यांच्या मुलींमध्ये पुढे शिकण्याची आकांक्षा आणि लग्न लांबवण्याची इच्छाही वाढलेली दिसली. पूर्ण फुकटापेक्षा थोडा स्वतःचा वाटा घातलेली वस्तू घरात वेगळ्या मानाने वावरते, असा त्याचा एक अर्थ लावता येईल. भावाने ती न विचारता नेली, तर बोलायला घरात कुणीतरी असतं.

सायकल हातात पडण्याआधी विद्यार्थिनी आणि पालक एका करारावर सही करतात. ठरलेला काळ, सहसा दोन वर्षं, शाळेत नियमित यायचं. मग सायकल तिची. करार पाळला जातो की नाही, हे शिक्षक, पालक आणि गावकरी यांची समिती पाहते. कुणाला सायकल द्यायची, हेही तीच समिती ठरवते. दूरच्या शहरातल्या कचेरीला कुणाच्या घराची वाट ओढ्यातून जाते हे कळणार नाही. गावाला ते पाठ असतं.

आणि तरीही हे सगळं एका पंक्चरपाशी अडू शकतं. आफ्रिकेला सायकली दान करणाऱ्या सगळ्याच प्रयत्नांची खरी परीक्षा इथे होते. युरोप-अमेरिकेतल्या गॅरेजांत धूळ खात पडलेल्या सायकली गोळा करून कंटेनरने पाठवणाऱ्या संस्था अनेक आहेत. न्यू जर्सीची ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ १९९१पासून हे करते. त्यांच्या सायकली खूप कामाला येतात, यात शंका नाही. पण शंभर सायकलींत शंभर तऱ्हांचे भाग असतात. स्प्रिंगचं सस्पेन्शन बिघडलं, अठरा गिअरांची साखळी तुटली, तर खेड्यात ती सायकल भिंतीला टेकून उभी राहते. ज्यांना हे लवकर उमगलं, त्यांनी दानाबरोबर कौशल्यही पाठवलं. घानामधल्या ‘व्हिलेज बायसिकल प्रोजेक्ट’ने सायकल निम्म्या किमतीत द्यायची आणि घेणाऱ्याला दिवसभर बसवून दुरुस्ती शिकवायची, अशी रीत घातली. नामिबियात तर सायकली ज्या कंटेनरमधून येत, तोच गावात ठेवून त्याचं दुकान केलं गेलं: आत पान्हे, ट्यूबा, पंप आणि दुरुस्ती शिकलेली गावचीच माणसं.

बफेलोच्या बाबतीत हे काम जास्त पद्धतशीर झालं. सगळ्या सायकली एकसारख्या, म्हणून सुटे भागही एकसारखे. हजारो मेकॅनिकांना प्रशिक्षण मिळालं आणि त्यांना हत्यारांची पेटी दिली गेली. संस्था सगळ्याच सायकली दान करत नाही; तिची व्यापारी शाखा शेतकऱ्यांना, कंपन्यांना, इतर मदत संस्थांना त्या रोख विकते. या विक्रीमुळे दुकानात टायर आणि चेन सतत मिळत राहतात. एखाद्या तालुक्यात दान केलेल्या दोनशेच सायकली असतील, तर तिथे सुट्या भागांचं दुकान चालणार नाही. दोन हजार असतील, तर चालेल. देणगीच्या जाहिरातीत हा हिशेब कुणी छापत नाही, पण शाळकरी मुलीची सायकल तिसऱ्या वर्षी रस्त्यावर आहे की गोठ्यात, हे त्यावरच ठरतं.

मोठ्यांच्या पोटापाण्याशीही सायकलीचा असाच थेट संबंध आहे. झांबियात गाई पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचं दूध उन्हं चढायच्या आत सहकारी संस्थेच्या शीतगृहात पोहोचलं पाहिजे. उशीर झाला की ते नासतं आणि परत येतं. डोक्यावरून नेलं तर एक कॅन, सायकलीवरून दोन. रवांडात कॉफीचं तेच. पिकलेली लाल फळं तोडल्यावर काही तासांत धुण्याच्या केंद्रावर गेली नाहीत, तर आंबू लागतात आणि भाव पडतो. माउंटन बाईकच्या जनकांपैकी एक, टॉम रिची, यांनी २००६च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांसाठी लांबलचक मागची बाजू असलेली मालवाहू सायकल तयार केली. ती कर्जावर घेऊन शेतकरी हप्त्याने फेडत. झांबियाच्या सेरेंजे जिल्ह्यात सायकलला जोडलेल्या रुग्णगाडीने मलेरियाने फणफणलेली मुलं दवाखान्यात पोहोचवली गेली. गावातच दिलं जाणारं औषध आणि ही गाडी, या दोहोंमुळे तिथे मलेरियाने होणाऱ्या बालमृत्यूंत मोठी घट झाली.

जानेवारी २०२२पासून झांबियाने माध्यमिक शिक्षणही मोफत केलं. वर्ग एकाएकी भरून वाहू लागले. फीची अडचण गेली, पण माध्यमिक शाळा प्राथमिक शाळांपेक्षा संख्येने कितीतरी कमी आणि म्हणून जास्त लांब आहेत. पाचवी-सहावीत सायकल मिळालेल्या मुलीचा दोन वर्षांचा करार साधारण प्राथमिक शाळा संपते त्याच सुमाराला संपतो. पुढच्या शाळेत नाव घालताना सायकल तिच्या मालकीची झालेली असते.