एंजिनाचा उच्छ्वास

मोटारीच्या पिस्टनवरील रिंगा कितीही नीट बसल्या, तरी ज्वलनाचे कांहीं वायु त्यांच्या फटींतून खालच्या क्रँककेसमध्यें उतरतातच. त्यांत पाण्याची वाफ व न जळलेलें पेट्रोल असतें. हे जिन्नस तेथेंच कोंडले, म्हणजे तेलाचा चिखल होतो आणि दाब वाढून सीलांतून तेल पाझरूं लागतें.

पूर्वीं हे वायु एका नळीनें रस्त्यावर सोडीत. त्यानें हवा दूषित होई. म्हणून कॅलिफोर्नियांत विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या नव्या अमेरिकन मोटारींना झडप बसविण्यांत आली. तिच्यावाटें वायु पुन्हा एंजिनांत ओढले जाऊन जळतात. मंदगतीच्या मिश्रणांत ही हवा हिशेबांत धरलेली असते. झडप बुजविली, तर कार्ब्युरेटरचें माप चुकून पेट्रोल अधिक जातें.

टर्बो जोडून एंजिनाची शक्ति वाढविली, कीं रिंगांवरून निसटणारा वायुही वाढतो. टर्बोच्या दाबाच्या वेळीं झडप घट्ट मिटली नाहीं, तर हवा उलट क्रँककेसमध्यें शिरते. यास्तव तेव्हां वायूला टर्बोपूर्वींच्या नळींत नेणारी दुसरी मोठी वाट ठेवावी लागते आणि तींत तेल अडविणारा डबा बसवावा लागतो.

म्हणून तेल गळूं लागलें, तर जाणता कारागीर सील बदलण्यापूर्वीं ही वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें पाहतो. ती तुंबलेली असेल, तर नवें सीलही फार दिवस टिकत नाहीं.