दूध वाहतं, दही थिजतं, आइस्क्रीम टिकतं ते कशामुळे?

म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 8 टक्के स्निग्धांश, म्हणजे पाण्यात विखुरलेले बारीक थेंब. यालाच इमल्शन म्हणतात. दूध होमोजिनाइज केलं की थेंब आणखी फुटतात आणि केसीन हे प्रथिन त्यांच्याभोवती कवच करतं. त्यामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत, दूध सहज वाहतं.

विरजण लावल्यावर आम्लता वाढते. सामू 4.6 च्या आसपास आला की केसीनवरचा विद्युतभार संपतो, प्रथिनं एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. तेच दही! रवीने घुसळलं की जाळं तुटून ते पातळ होतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते आइस्क्रीम. त्यात मोनोग्लिसराइडसारखे पृष्ठसक्रिय पदार्थ, म्हणजेच इमल्सिफायर, घालतात. ते थेंबांवरून केसीनला हुसकावतात, कवच कमकुवत होतं. मग गोठवत घुसळताना थेंब अर्धवट जोडले जातात, हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि आइस्क्रीम लवकर ओघळत नाही. इथे इमल्सिफायर थेंब वेगळे ठेवायला नाही, जोडायला घातलेला असतो!

पुढच्या वेळी आइस्क्रीमच्या डब्यावर 471 हा आकडा शोधा. मोनो आणि डायग्लिसराइडचा क्रमांक तो हाच.