लहान ड्रोनचा वेध : एकटे रडार का पुरत नाही?

सन २०२८ मध्ये उज्जैन येथे सिंहस्थ भरणार आहे. शिप्रेच्या घाटांवर लाखोंची गर्दी असताना परवानगी नसलेले एखादे ड्रोन वर आले, तर ते वेळीच कसे कळेल? ही शंका निराधार नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली होती.

वर्गात रडार शिकवताना आपण बहुधा विमानाचे उदाहरण देतो. रडारने सोडलेल्या रेडिओ लहरी वस्तूवर आपटून परततात आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळते. लहान ड्रोनच्या बाबतीत मात्र अडचण येते. प्लास्टिकच्या अंगाचे, दोन किलोंच्या आतले ड्रोन रडारला साधारण पक्ष्याएवढेच दिसते. अंतर दुप्पट झाले की परतणाऱ्या लहरींची शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. त्यातून ते एका जागी तरंगत राहिले, तर हालचालीवरून वस्तू निवडणारे रडार त्याला झाड किंवा खांब समजून वगळू शकते.

येथे पंख्यांची पाती उपयोगी पडतात. ड्रोनचे अंग स्थिर असले तरी पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. जवळ येणाऱ्या पात्यावरून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जाणाऱ्या पात्यामुळे घटते. जवळून जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम. कबुतराच्या पंखांची फडफड इतकी वेगवान नसते, त्यामुळे त्याची खूण निराळी उमटते. माझ्या मते विद्यार्थ्यांना हा भाग सर्वांत आधी सांगावा.

ड्रोन व त्याचा रिमोट यांच्यात बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर संदेश चालतात. ते टिपणारा रिसीव्हर कित्येकदा चालकाचीही दिशा सांगतो. परंतु मार्ग आधीच भरून सोडलेले ड्रोन मुके राहू शकते, आणि युक्रेनच्या युद्धात तर फायबरच्या तारेवर चालणारी ड्रोन वापरली गेली. कॅमेरा ओळख पटवतो, पण कुठे पाहायचे ते त्याला आधी कोणीतरी सांगावे लागते. राहिले ध्वनिग्राहक, सिंहस्थातल्या लाउडस्पीकरांपुढे त्यांचे काय चालणार!

म्हणूनच नागपूरच्या सोलर डिफेन्स अँड एरोस्पेस कंपनीच्या 'भार्गवास्त्र' प्रणालीत रडार, कॅमेरे व रेडिओ रिसीव्हर एकत्र जोडता येतात. १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपालपूर येथे तिच्या सूक्ष्म रॉकेटांच्या चाचण्या झाल्या. जाहीर माहितीनुसार तिला लहान ड्रोन ६ ते १० किलोमीटरवरून कळतात. सीमेवर हे ठीक आहे. घाटावर रॉकेट चालणार नाही, आणि पाडलेले ड्रोनही गर्दीतच कोसळेल. शिवाय प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात पोलिसांची स्वतःची ड्रोनही उडत होती. तेव्हा आपले कोणते व परके कोणते, हेही ठरवावे लागते. गर्दी किती नाजूक असते हे तेथे २९ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीने दाखवले. कबुतराला ड्रोन समजून घाटावर भोंगा वाजला, तर ड्रोनवाचूनही अनर्थ होईल. म्हणून दोन निराळ्या साधनांची साक्ष जुळेपर्यंत इशारा नियंत्रण कक्षाबाहेर जाऊ नये.